शेवटच्या कडव्यातलं नाव

आमच्या भागात जत्रेला दोन गोष्टी ठरलेल्या असत, रेवड्या आणि भांडण. भांडण कलगीवाल्यांचं आणि तुरेवाल्यांचं. डफ-तुणतुणं घेऊन दोन फड समोरासमोर बसायचे. तुरेवाले म्हणायचे शिव मोठा, कलगीवाले म्हणायचे शक्ती मोठी, आणि गाण्यातूनच एकमेकांना सवाल टाकायचे. ज्याला जबाब आला नाही त्याचा डफ खाली. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफलेलं असे, त्याला छाप म्हणत. छाप आली की लोक माना डोलवत, गाणं कुणाचं ते तेव्हा कळे. त्या छापेवर मी निम्मं आयुष्य काढलं. छाप माझी नव्हती, एवढंच.

नेकनूरपासून दीड कोसावर आमचं गाव. राज्य निजामाचं. मी गावातला शिकलेला, म्हणजे मराठी चार यत्ता आणि मोडकंतोडकं उर्दू. तेवढ्यावर मी तहसिलीत चिकटेन, असं आबांना, माझ्या वडिलांना, वाटलं होतं. तिथं वर्षभर फुकट उमेदवारी केली, मुन्शींची पानदानं भरली आणि परत आलो. नांगराला हात नाजूक, कचेरीला उर्दू कच्चं. राहता राहिलं रचणं. यमकं मला लहानपणापासून सुचायची, पण त्यांचं करायचं काय हे मलाही माहीत नव्हतं.

ते शाहिराला माहीत होतं. तीन कोसांवरच्या गावातला हा कुणबी, कलगीवाल्या फडाचा म्होरक्या. आवाज असा, की देवळात गायला लागला तर वेशीवरचा माणूस थांबायचा. पण अक्षरशत्रू, आणि रचायला बसला की घाम फुटायचा. गुरूकडून आलेली गाणी समोरच्यांना तोंडपाठ झाली होती. कुणीतरी माझं नाव सांगितलं म्हणून त्यानं मला बोलावून घेतलं. मी एक गाणं बांधून दिलं, त्यानं तीनदा ऐकलं आणि पाठ केलं. बदल्यात ज्वारी पाठवली. पुढं कधी धोतरजोडी, एकदा शेळी. अट एकच, छाप त्याची आणि कुणाला सांगायचं नाही. गाणं उसनं आहे हे समोरच्या फडाला कळलं असतं, तर डफ तापवायच्या आतच हुर्यो झाली असती. देवळात नेऊन त्यानं मला शपथेचा बेलभंडारा उचलायला लावला. मीही उचलला. नावानं काय पोट भरतं, असं तेव्हा वाटायचं.

एका गाण्याला पंधरा दिवस लागत. लोकांना वाटतं, गाणं सुचतं. सुचतात पहिल्या दोन ओळी, बाकीचं नांगरणीसारखं तासामागून तास. शेवटी त्याचं नाव बसवायचं. त्याचं नाव चार अक्षरी, माझं तीन. पहिल्या वर्षी ओठांवर माझंच यायचं, मग ओळ मोडून पुन्हा बांधायला लागायची. पाच-सहा वर्षांनी ती चूक होईनाशी झाली. पुढं एका साली आष्टीकडचे तुरेवालेही आले, त्यांनाही नाही म्हणवलं नाही. त्या साली पोटासाठी मी शिवालाही मोठं केलं आणि शक्तीलाही. दोघांपैकी कुणीही तक्रार केली नाही.

घरी मात्र रोजची तक्रार होती. आबांना गाण्याचं वेड. शाहीर त्यांचा देव. अंबाडीचा दोर वळता वळता ते त्याची, म्हणजे माझी, गाणी गुणगुणायचे. मी पुढ्यात दिसलो की गाणं थांबायचं.

"घरात न्हाई दाणा अन् मला हवालदार म्हणा! कागद घिऊन बसतो निस्ता. त्या शाहिराच्या दारात तुजी उठबस हाय, त्याच्याकून कायतरी शीक की बे."

शाहिराचे कागदपत्र लिहून देतो, त्याची ज्वारी येते, असं मी घरात सांगितलं होतं. खरं बायकोला तेवढं ठाऊक. ती म्हणायची, "सांगून टाका की. बाप हाय, परका हाय का?" मी बेलभंडाऱ्याचं कारण सांगायचो. ती भाकरी थापत राहायची.

पाडव्याला सालगडी ठरतात. त्या वर्षी पाडव्याच्या आदल्या दिवशी आबा आले आणि म्हणाले, "पाटलाकडं तुला सालानं ठिवलाय. उद्यापासून जायचं. लई झालं कागद काळं करनं."

सालगडी म्हणजे पहाटेपासून दिवे लागेपर्यंत दुसऱ्याच्या रानात. रचणं संपलंच. मी घाबरलो आणि दहा वर्षं गिळलेलं बोलून गेलो. म्हटलं, "आबा, तुमी म्हणता ती गाणी माजी हायेत. शाहिराची न्हाईत."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता जवळ घेतील. खरंच वाटलं.

"चोरी?" ते म्हणाले. "बैल चोरला असता तर पंचांत उभा ऱ्हायलो असतो तुज्यासाठी. मान्साची इद्या चोरतो? चल."

"कुठं?"

"त्येच्या पायावर घालतो तुला."

दुसऱ्या दिवशी पाटलाकडं जायच्या ऐवजी आम्ही तीन कोस चाललो. चैत्राचं ऊन. वाटेत आबा एक शब्द बोलले नाहीत, पाण्यालासुद्धा थांबले नाहीत. शाहीर खळ्यावर होता, भोवती फडातली पाच-सात माणसं बसलेली. आबांनी पागोटं काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाले, "शाहीर, पोरगं वंगाळ बोललं. म्हनतंय तुमची गानी त्यानं केली. त्याला माफ करा."

सगळे हसले. शाहीर हसला नाही. तो माझ्याकडं बघत होता आणि मी त्याच्याकडं. एक शब्द बोलला असता तरी पुरे होतं. नाहीतर मी म्हणायचं होतं, ह्याला आत्ता चार ओळी नव्या करायला सांगा. पण ती माणसं त्याच्या नावावर चालत गावोगाव जात होती, आणि माझ्या घरची चूल त्याच्या ज्वारीवर होती. शपथ मी मोडली होती, त्यानं नाही. माझं तोंड उघडलं नाही.

"तरणं हाय, आबा," शाहीर खाली बघत म्हणाला. "बोलून गेलं आसंल."

मी वाकलो. पाय धरले. त्याच्या पायांना माती होती, ती कपाळाला लागली.

आबांचा आवाज लगेच मऊ झाला. "तुमच्या पायाशी ठिवा त्याला. दोन अक्षरं शिकवा."

आणि ज्याला अक्षर ओळखता येत नव्हतं तो शाहीर म्हणाला, "शिकवतो."

राग यायला पाहिजे होता. आला नाही, फक्त कुठंतरी बसावंसं वाटलं. परतीच्या वाटेवर आबा बोलत होते, थांबत नव्हते. शाहीर गुरू लाभला, पोराचं नशीब उघडलं. पाटलाला त्यांनी निरोप धाडला की पोरगं येत नाही, ते इद्या शिकतंय. चौथ्या दिवशी शाहिराकडून ज्वारीचं पोतं आलं, नेहमीपेक्षा मोठं. आबा गावभर सांगत सुटले की असा गुरू बघितला का, शिष्यालाच खाऊ घालतो. पोतं आणणाऱ्या गड्याजवळ निरोपही होता, नेकनूरच्या जत्रेला नवं गाणं पाहिजे.

ते गाणं मी वेगळं केलं. बोलायचं नाही अशी शपथ होती, रचायचं नाही अशी नव्हती. एका दुष्काळात घरात दाणा नसताना माझी आई पहाटे उठून रिकामं जातं ओढायची आणि वर ओव्या म्हणायची, शेजाऱ्यांना घरघर ऐकू जावी म्हणून. दगडावर दगड झिजायचा. हे फक्त आबांना आणि मला ठाऊक होतं, आणि आई जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. कलगीवाल्यांची आदिमाया मी त्या जात्यापाशी बसवली. सवाल टाकला, पीठ पडत नसताना ही काय दळते? जबाबही त्यातच होता, ती घराची अब्रू दळते. आबांना कळेल, असं मला वाटलं. हे दुसऱ्या कुणाला करता येणार नाही, एवढं तरी कळेल.

जत्रेत दुपारी लिंबाखाली फड बसला. आबांनी मला हाताला धरून अगदी पुढं बसवलं, गुरू नीट ऐकायला यावा म्हणून. शाहीर त्या दिवशी गायला तसा पुन्हा कधी गायला नाही. जातं आलं तसा आबांचा दोर वळून राठ झालेला हात माझ्या गुडघ्यावर आला. ते रडत होते. लोक गप्प. तुरेवाल्यांचा डफ खाली गेला. मग शेवटचं कडवं आलं, त्यात चार अक्षरी नाव आलं, आणि आबा माझ्याकडं वळले.

"तुज्या मायचं जातं," ते म्हणाले. "त्यो आपल्या घरात कवाच आला न्हाई. कुनी सांगितलं न्हाई. तरी त्याला ठावं. ह्याला म्हनत्यात कवी."

त्यांनी पागोट्याच्या शेवानं डोळे पुसले.

"असं लिव्हायला जलम घालवावा लागतो, पोरा."

"लागतो, आबा," मी म्हटलं.