रिकाम्या जाळ्यातले तीन गोल

अन्याय झाला माझ्या रूममेटवर. २००६ च्या फेब्रुवारीत, प्लेऑफच्या आदल्या शुक्रवारी, संध्याकाळी साडेपाचला, विद्यापीठाच्या आइस रिंकच्या दारात. आणि तो केला मी.

तो नागपूरचा. मॅसॅच्युसेट्सला येईपर्यंत बर्फ त्याने फक्त फ्रिजमध्ये पाहिलेला. दोन हिवाळे आपटत आपटत स्केटिंग शिकला आणि विद्यार्थ्यांच्या आइस हॉकी टीमचा गोलकीपर झाला. मी स्टॅटिस्टिक्सचा, टीमचे आकडे माझ्याकडे. माझा प्रोजेक्टही आइस हॉकीवरच होता: मोठ्या सामन्यांवर सट्टेबाज जे भाव देतात, त्यांतून जिंकण्याची शक्यता काढायची आणि डावपेच तपासायचे. एका गोलने मागे असलेली टीम शेवटच्या मिनिटाला गोलकीपर बाहेर काढते आणि त्याच्या जागी आणखी एक हल्ला करणारा उतरवते. माझं गणित म्हणालं, तीन मिनिटं राहिली की काढा. हरायचंच तर एकाने काय, दोनाने काय!

कॅप्टनने ऐकलं. एकदा बरोबरी साधली, तीनदा रिकाम्या जाळ्यात गोल खाल्ला. गणितात खोट नव्हती, चार सामन्यांत असं होऊ शकतं. खोट माझ्या तक्त्यात होती. ते तिन्ही गोल मी गोलकीपरच्या नावावर लावले होते. तो तर तेव्हा बाकावर बसलेला!

तक्ता बघून कॅप्टनने त्याला वगळलं. दारावर यादी लागली.

"काय बे," तो हसत म्हणाला, "बाकावरून अडवायचे होते का मी गोल? हात लांब आहेत माझे, पण इतके नाहीत."

चूक मला तिथेच कळली. म्हणालो, "बघतो, यार."

बघितलं नाही. सोमवारी प्रोजेक्ट मांडायचा होता. एक तक्ता चुकला म्हटलं की बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार? त्याच आठवड्यात मी इराक युद्धाविरुद्ध पत्रकं वाटत होतो. सरकार आकडे लपवतं म्हणून घसा बसेपर्यंत ओरडत होतो.

प्लेऑफ त्याच्याशिवाय झाले. त्याचं ते शेवटचं वर्ष होतं. मे महिन्यात, पदवी हातात पडल्यावर, मी त्याला सगळं सांगितलं.

"माहीत होतं," तो म्हणाला. "तू कॅप्टनला सांगशील म्हणून प्लेऑफभर रोज किट घेऊन रिंकवर जात होतो."

तुमच्या तक्त्याने कुणाला बाहेर बसवलं असेल, तर तो आत्ता काढून तपासा. चूक सापडली तर त्या माणसाची माफी मागून मोकळे होऊ नका. ज्याने त्याला बाहेर काढलं, त्याला जाऊन सांगा. आजच, पुढचा सामना व्हायच्या आत.