तळहाताखालचा नफा

‘खालचं झाका आणि मग बोला.’

कुठल्याही कंपनीचा वार्षिक अहवाल समोर आला की सर असं म्हणायचे आणि नफ्या-तोट्याच्या पानाच्या खालच्या भागावर आपला डावा तळहात पसरायचे. गोरा, गुबगुबीत, नखं नीट कापलेला तळहात. त्याच्या वर उरेल तेवढंच खरं, बाकी सगळी रांगोळी. तुम्हीही असा एखादा माणूस पाहिला असेल, ज्याला जगातली सगळी फसवणूक दिसते आणि तेवढ्यावरच तो स्वतःला सज्जन समजतो.

सर नाशिकच्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवायचे. मी आधी त्यांचा विद्यार्थी, नंतर त्याच स्टाफरूममधला कनिष्ठ सहकारी. सटाण्याकडच्या खेड्यातून आलो होतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. सुरुवातीला मला जमा आणि नावे यांतला फरकसुद्धा कळेना, तेव्हा सरांनी मला रविवारी दुपारी घरी बोलावून ओसरीवर बसवून शिकवलं. त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात कृतज्ञता फारशी सापडणार नाही.

त्या काळात शेअरचं वारं नाशिकपर्यंत पोचलं होतं. डॉक्टर, वकील, बँकेतले लोक, सगळे एका वीज कंपनीचं नाव घेत होते. सरांकडे तिचे थोडे शेअर आधीपासून होते, त्यामुळे अहवाल टपालाने घरी यायचे. ते सगळे अहवाल त्यांनी एकदा स्टाफरूमच्या टेबलावर वर्षांच्या क्रमाने मांडले, पंगतीत पानं मांडावीत तसे.

आमचा शिपाई विंचूरकडचा. चहा ठेवता ठेवता म्हणाला, ‘सर, लय भारी कंपनी हाय म्हणत्यात. दरसाल नफा वाढतोय.’

‘तुझ्याकडे कांदा असतो ना रे?’ सरांनी विचारलं.

‘हाय की, दोन एकर.’

‘कांद्याचा भाव पडला. खर्चसुद्धा निघाला नाही. तू बैलजोडी विकलीस. वर्षाच्या शेवटी हातात पैसे दिसले. मग गावभर सांगशील का, की यंदा कांद्यात बरकत झाली?’

‘नाय बा. लोक हसतील.’

‘ही कंपनी तेच सांगतेय, आणि लोक टाळ्या वाजवतायत.’ मग तळहात पसरून सर आमच्याकडे वळले. ‘वीज विकून जे आलं त्यातून कोळसा, पगार, दुरुस्ती वजा करा. उरलं ते ऑपरेटिंग इन्कम. बघा, वर्षामागून वर्ष उतरतंय. आणि एकूण नफा चढतोय. कसा? हाताखाली बघा. जमीन विकली. बँकेतल्या ठेवींवरचं व्याज. बैलजोडी!’

इतकं स्वच्छ मला तोवर कुणी समजावलं नव्हतं. पण शिकवून झालं की सरांचा चेहरा बदलायचा. ‘गाढवांचा बाजार आहे नुसता,’ ते म्हणायचे. डॉक्टर गाढव, वकील गाढव, बँकेचा मॅनेजर टाय लावलेलं गाढव. एखाद्याचे पैसे बुडाले की त्यांना जेवण गोड लागायचं. कुणी बुडण्याआधी त्यांनी आपण होऊन सावध केलंय, असं मात्र मी कधी पाहिलं नाही. ‘मला विचारलं कुणी?’ हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

एका वर्षी त्यांनी ठरवलं, कंपनीच्या वार्षिक सभेला जायचं आणि अध्यक्षाला भर सभेत उघडं पाडायचं. त्यांच्या पत्नीच्या नावावर काही शेअर होते, त्यांच्या वतीने हजर राहणारा प्रॉक्सी म्हणून सरांनी मला बरोबर घेतलं. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाताना कसाऱ्यापर्यंत ते प्रश्न घोकत होते. कोट खास इस्त्रीचा होता.

सभा मोठ्या हॉलमध्ये होती. भागधारकांचा निम्मा जीव बाहेर ठेवलेल्या खाऊच्या पुड्यांत होता. सर उठले, माइक हातात घेतला आणि खरोखर उत्तम बोलले. ऑपरेटिंग इन्कम सलग का घसरतंय? कोळशाचा खर्च वाढतोय तर विजेचा दर का वाढत नाही? जमिनी संपल्यावर काय विकणार? माझी छाती अभिमानाने भरून आली, खोटं कशाला बोलू.

अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग हसून म्हणाले, ‘नाशिकच्या या प्रोफेसरसाहेबांसारखे जाणकार भागधारक हीच आमच्या कंपनीची खरी वीज आहे. साहेब, वर या. इथे आमच्याजवळ बसा.’

टाळ्या पडल्या. सर वर गेले. त्यांना गुलाबाचं फूल मिळालं, अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची मिळाली, सभेनंतर चहा मिळाला. उत्तर मिळालं नाही. ते मिळालं नाही, हे त्यांच्या लक्षात तरी आलं का, कोण जाणे.

परतीच्या गाडीत फूल त्यांच्या कोटावरच होतं. ‘माणूस ग्रेट आहे,’ ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. ‘मला साहेब म्हणाला. ऐकलंस ना तू?’

‘पण सर, प्रश्नाचं...’

‘तू अजून लहान आहेस. सगळं आकड्यात नसतं.’

इतकी वर्षं शिकवून नाशिकबाहेर त्यांना कुणी ओळखत नव्हतं. त्या क्षणी मला त्यांची दया आली. देवळालीला गाडी थांबेपर्यंत ती टिकली असेल.

दुसऱ्या दिवसापासून स्टाफरूममध्ये तळहात पसरला गेला नाही. ‘अध्यक्ष मला म्हणाले’ एवढंच सुरू झालं. आमच्या ग्रंथालयात एक बाई होत्या. नवरा अकाली गेला होता. मुलीला घेऊन त्या देवळाली कॅम्पात दिराच्या घरी राहायच्या. चहा कुणी किती घेतला, दिवा कुणी चालू ठेवला, यावरून रोज तिथे बोलणी खायच्या. नवऱ्यामागे आलेली रक्कम त्यांनी जपून ठेवली होती. शहरात द्वारका चौकाच्या पुढे एका सोसायटीत दोन खोल्या घ्यायच्या होत्या, थोडे कमी पडत होते.

त्या स्टाफरूमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. ‘सर, या कंपनीत घालू का? दोन वर्षांत वाढतील का हो?’

‘निर्धास्त घाला, बाई. मी अध्यक्षांच्या शेजारी बसून आलोय.’

मी बाईंना बाहेर गाठून कांद्याचं आणि बैलजोडीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘अहो, पण हे तुम्हाला शिकवलं कुणी? सरांनीच ना? मग ते सांगतायत तर विचार करूनच सांगत असतील.’ त्यांनी पैसे घातले.

जमिनी संपल्या. त्या वर्षी हाताखाली ठेवायलाच काही उरलं नाही. लाभांश बंद झाला, भाव कोसळला. बाई नवा अहवाल घेऊन आल्या आणि सरांसमोर बसल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, ‘सर, मला हे वाचायला शिकवा.’

आणि सरांनी शिकवलं! उत्साहाने, पेन्सिल घेऊन, ओळ न् ओळ. जुने अहवाल कपाटातून काढले, उतरती रेघ काढून दाखवली. शिकवताना ते विसरूनच गेले होते की समोर कोण बसलंय.

‘म्हणजे हे आधीपासून दिसत होतं?’ बाईंनी विचारलं.

‘अर्थात! आंधळ्यालाही दिसावं.’

‘मग तुम्ही तेव्हा किती घेतले, सर?’

‘मी? छे! ऑपरेटिंग इन्कम उतरत असेल तर मी नव्या शेअरला हात लावत नाही. माझा नियमच...’

शिपाई चहाचे कप उचलत होता, तो तसाच थांबला. बाईंनी अहवालाची घडी घातली, पिशवीत ठेवला आणि घंटा झाली म्हणून ग्रंथालय उघडायला गेल्या. त्यानंतर सर निवृत्त होईपर्यंत ग्रंथालयात कधी आले नाहीत. पुस्तकं हवी असली की शिपायाला पाठवायचे.

निवृत्तीनंतर ते फार जगले नाहीत. कॉलेजात शोकसभा झाली. कुणी त्यांना ऋषी म्हटलं, कुणी अर्थशास्त्राचा दीपस्तंभ. प्राचार्यांनी ग्रंथालयाच्या वतीने बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या, पदर सारखा केला.

‘सर फार छान शिकवायचे,’ त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या.

सभा संपल्यावर मी म्हटलं, ‘बाई, थांबा, चहा घेऊन जा.’

‘नको हो,’ त्या पायात चप्पल सरकवत म्हणाल्या, ‘उशीर झाला की दीर आतून कडी लावतात.’