नऊ इंचांचं टेबल

अण्णांना हसू यायचं ते फक्त दुसऱ्याचं माप चुकल्यावर. एरवी त्यांचा चेहरा कुलूप लावलेल्या गोदामासारखा. औषधांच्या एका कंपनीच्या गोदामात त्यांनी एकतीस वर्षं काढली. ट्रक मागे सरकत फलाटाला लागायचा, खोकी उतरायची, आणि अण्णा खिशातली पोलादी टेप सर्रकन ओढून लांबी, रुंदी, उंची घ्यायचे. मग डोळे किंचित मिटून म्हणायचे, "तिसरी रांग, खालून दुसरा कप्पा." खोकं तिथे असं बसायचं, जणू तिथेच रुजून वाढलं होतं.

गोदामाचा एक नियम त्यांच्या हाडामांसात मुरला होता. शिक्का लागलेलं खोकं उघडायचं नाही. आत काय आहे, उघडल्यावर ते किती पसरतं, ही भानगड पुढच्यांची. अण्णांच्या लेखी वस्तू म्हणजे बंद वस्तू. उरलेलं जग अंदाजावर चाललं होतं आणि त्या जगाकडे अण्णा नाकाच्या शेंड्यावरून बघत.

निवृत्त होऊन ते मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या घरात राहायला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी सगळं घर मोजून टाकलं. पुढची खोली, मागे स्वयंपाकघर आणि दोन्हींच्या मध्ये चार फुटांचा बोळ. बोळाच्या एका अंगाला अण्णांची आणि माईंची चिमुकली खोली. आत खाट ठेवल्यावर दाराला फिरायला जागा उरेना, म्हणून अण्णांनी सुतार बोलावून दार बोळात, बाहेरच्या बाजूला उघडणारं करून घेतलं होतं. "इतकी वर्षं हे सुचलं नाही कुणाला!" असं ते तेव्हा मुलाला तीनदा म्हणाले होते.

या घरात सूनबाई काम करायच्या. डॉक्टर मंडळी तपासणी करून झाली की आपलं निदान बोलून ठेवतात. ते कानाला लावून ऐकायचं आणि अक्षर न अक्षर टाइप करायचं, हे त्यांचं काम. दोन वर्षं त्या हे काम इस्त्रीच्या टेबलावर करत होत्या. कारण इस्त्रीचं टेबल मिटतं आणि दारामागे लपतं. दारावरची घंटी वाजली की माई हाक मारायच्या, "अगं, आवर ते! लोकांना वाटेल, घर नव्हे, कचेरी आहे." की सूनबाई कानावरचा हेडफोन काढणार, टेबल मिटणार, दारामागे सारणार आणि हसऱ्या चेहऱ्याने पाणी घेऊन जाणार. मान इतकी आखडली होती, की मागून हाक आली तर त्या आख्ख्या वळून बघायच्या.

आणि आता त्यांना वरची जागा चालून आली होती. दुसऱ्यांनी टाइप केलेलं तपासायचं. अट एवढीच, की बसायची जागा कायमची हवी, टेबलावर संगणकाचे दोन पडदे मावायला हवेत, आणि मागून कुणाला पडद्यावरचं दिसता कामा नये. सोमवारी दहा वाजता एक अधिकारी बाई कॅमेऱ्यातून जागा बघणार होत्या. जागा पटली तर सूनबाई पक्क्या, नाहीतर त्यांच्यामागे रांगेत आणखी दोघी उभ्याच होत्या.

"कायमची म्हणजे?" माईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आल्यागेल्यासमोर कायमचं टेबल मांडून बसणार?"

"आई म्हणते तेही खरंय," मुलगा म्हणाला. त्याला सगळ्यांचंच खरं वाटायचं. "मिटून ठेवता येईल असं काहीतरी बघू. बोळात, भिंतीला."

अण्णांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "बघू म्हणे! तुम्ही बघणार आणि चार दिवसांनी परत करणार. शनिवारी मी येतो दुकानात. मध्ये कुणी तोंड घालायचं नाही."

दुकान म्हणजे मिटणाऱ्या टेबलांचा बाजार होता. विकणारा तरुण गोड होता, शर्टाच्या खिशाला नावाची पट्टी, जिभेला साखर. पहिलं टेबल दाखवलं, त्याचे पाय बोटाएवढे. अण्णांनी एका बोटाने ढकललं तसं ते लटपटलं.

"हे उभं आहे की आजारातून उठलंय?"

दुसरं दोऱ्यांनी भिंतीला टांगलेलं. "पाळणा आहे हा. आमच्याकडे अजून बातमी नाही."

सूनबाई लाजून दुसरीकडे बघायला लागल्या. मुलगा खोकला.

तिसरं कपाटातून ओढायचं. चौथं सोफ्याच्या हातात दडलेलं, इतकं चिंचोळं, की त्यावर चष्मा ठेवला तर कोपर ठेवायची चोरी. तरुण म्हणाला, "काका, हे फार कॉम्पॅक्ट आहे. आजकाल सगळे हेच नेतात."

"सगळे नेतात म्हणूनच मी नेणार नाही. सगळ्यांची अक्कलही अशीच मिटवून ठेवलेली असते. पुढे चला."

शेवटी एका कोपऱ्यात त्यांना हवं ते सापडलं. भिंतीला बसवायचं लांबट कपाट, पुढे आरसा. आरशाची फळी खाली ओढली की तिचंच टेबल व्हायचं. आत पडद्यांसाठी दोन खण. बंद केलं की बघणाऱ्याला वाटावं, बायकांनी केस विंचरायला आरसा लावलाय. अण्णांनी टेप काढली. खोली नऊ इंच. उंची, रुंदी घेतली. भिंतीचे आकडे त्यांना तोंडपाठ होते.

"नऊ इंच," ते मुलाकडे वळले. "बोळात उरतात एकोणचाळीस. तुझी आई थाळी घेऊन सरळ चालत जाईल. आडवी होऊन नाही."

सूनबाईंनी हळूच विचारलं, "अण्णा, आणि खुर्ची?"

"खुर्ची काय भिंतीत बसवायची आहे? ती असते, तिथे असेल."

"काका, एकदा उघडून मोजता का?" तरुणाने फळीला हात घातला.

अण्णांनी त्याच्याकडे असं बघितलं, की त्याचा हात आपोआप मागे आला. "तुझ्या वयाचा होतो तेव्हा मी दिवसाला दोनशे नग जागेवर लावत होतो. एकही उघडून बघितला नाही. गुंडाळ."

रविवारी मिस्त्री येऊन बोळात, अण्णांच्या खोलीसमोरच्या भिंतीला ठोकून गेला. काम झाल्यावर त्याने फळी एकदा खाली केली, वर केली, बिजागराला तेल दिलं. कपाट भिंतीला असं चिकटलं, की माईंनी लगेच आरशासमोर उभं राहून पदर सारखा केला. शेजारच्या काकू आल्या, त्यांना सांगितलं, आरसा घेतला. काकूंनी आरशाचं कौतुक केलं. अण्णा खाटेवर पडल्या पडल्या सगळं ऐकत होते. त्या दिवशी त्यांना भूकही चांगली लागली.

सोमवारी सकाळी आंघोळ करून अण्णा खोलीत गेले आणि दार ओढून घेऊन पडले. बाहेर सूनबाईंनी फळी खाली ओढली, दोन्ही पडदे मांडले, तारा जोडल्या, खुर्ची आणली आणि बसल्या. पावणेदहाला अण्णांना चहाची आठवण झाली. त्यांनी दार ढकललं. दार दोन बोटं सरकलं आणि ठक्कन थांबलं.

"सूनबाई, जरा पुढे सरक."

"अण्णा, पुढे टेबल आहे. पोट लागलंय माझं फळीला."

"मग फळी वर कर."

"पडदे काढावे लागतील, तारा सोडाव्या लागतील. पंधरा मिनिटांत बाई येणार आहेत." त्यांचा आवाज रडकुंडीला आला होता. "तुम्हाला फार अडलंय का?"

"मला काही अडलेलं नाही," अण्णा आतून गुरगुरले. "दार फुगलं असेल. त्या सुताराला दाराची अक्कल कधी होती?"

माई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "दार नाही फुगलं. दुसरंच काहीतरी फुगलंय."

अण्णा खाटेच्या कडेवर बसले. दार फुगत नाही, हे त्यांना कळत होतं. उन्हाळ्यात कोरडं लाकूड फुगेल कशाला? त्यांनी बोटावर हिशेब केला. भिंतीतून नऊ इंच, त्यापुढे फळी, फळीपुढे माणसाचं पोट, पोटामागे पाठ, पाठीमागे खुर्चीची पाठ. आणि त्यानंतर त्यांचं स्वतःचं, त्यांनीच उलटं करून घेतलेलं दार. दुकानातल्या त्या पोराचा फळीवरून मागे गेलेला हात त्यांच्या डोळ्यांपुढे आला. सगळं घर त्या टेबलाकडे मिटलेलं असतानाच बघत होतं. उघडून त्यावर कुणीतरी बसणार, रोज, तासन्‌तास बसणार, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ज्यांनी मोजलं, त्यांच्या तर नाहीच.

दहाला बाईंचा आवाज आला. स्वच्छ, घाईचा. टेबल दाखवा, पडदे दाखवा, खिडकी कुठे आहे. सूनबाई नीट उत्तरं देत होत्या. मग बाई थांबल्या.

"तुमच्या पाठीमागे दार दिसतंय. कुणाची खोली?"

"सासऱ्यांची."

"म्हणजे ते कधीही बाहेर येणार आणि पडदा समोरच. रुग्णांची नावं असतात त्यावर. असं चालत नाही."

"ते... मध्ये येत नाहीत."

"येत नाहीत हा तुमचा शब्द झाला. मला जागा बघायची आहे."

ते दार का उघडत नाही, हे सूनबाईंनी एका वाक्यात सांगितलं असतं तरी पुरलं असतं, पण ते वाक्य घरात मोठ्याने उच्चारायची अजून कुणाची छाती झाली नव्हती. पलीकडे बाईंनी कागद उलटल्याचा आवाज आला.

"ठीक आहे. मी कळवते," बाई म्हणाल्या.

"थांबा!" दारामागून आवाज आला. "बाई, मी आत आहे. हे दार उघडत नाही."

"कोण बोलतंय?"

"सासरा. टेबल उघडं असेपर्यंत हे दार उघडणार नाही. पाहिजे तर ढकलून दाखवतो." त्यांनी ढकललं. ठक्क. पुन्हा ढकललं. ठक्क. "दिसलं? माप मी घेतलं होतं." त्यांनी तिसऱ्यांदा ढकललं, ठक्क. "चुकलं. बंद मोजलं मी, उघडून मोजायला हवं होतं."

स्वयंपाकघरात माईंच्या हातातली पळी तशीच राहिली.

"आणि त्या फटीतून तुम्हाला काय दिसतं?" बाईंनी विचारलं.

अण्णांनी फटीला डोळा लावला. "खुर्चीची पाठ. दुसरं काही नाही."

बाईंना हसू आवरलं नसावं, कारण पुढचं वाक्य जरा उशिरा आलं. "मग तुम्ही रोज चार तास आत अडकणार?"

"ते तुम्ही सोडा. मी आधीच बाहेर पडेन. एवढा वेळेचा अंदाज..." ते अडखळले. "एवढी वेळ पाळता येते मला."

"कामाच्या वेळेत दार बंद राहील, असं लिहून घेते," बाई म्हणाल्या. "उद्यापासून सुरू करा."

त्या दिवसाचं टाइपिंग संपून दुपारी फळी वर गेली तेव्हा अण्णा बाहेर आले. मुलगा लगेच म्हणाला, "अण्णा, परत करू या का? दुसरं बघू."

"बघू म्हणे!" अण्णा कडाडले. "तिचं काम त्या दारावर पास झालंय, कळतं का तुला? आता खिळाही हलवायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सूनबाई बसायच्या आधीच अण्णा कपडे करून पुढच्या खोलीत येऊन बसले. बोळातून कळफलकाचा आवाज येत होता, पत्र्यावर दाणे पडावेत तसा. अकराच्या सुमारास घंटी वाजली. शेजारच्या काकू. माई सवयीने बोळाकडे धावल्या.

"अगं, आवर ते, मिट..."

"हात लावायचा नाही," अण्णा म्हणाले. "राहू दे उघडं."

काकू आत आल्या, त्यांनी मान लांब करून बोळात पाहिलं. "हे काय? आरसा घेतला म्हणालात ना? कोण बसलंय तिथे?"

"आमच्या सूनबाई," अण्णांनी चष्म्यावरून त्यांच्याकडे बघितलं. "दुसऱ्यांच्या चुका काढायचं काम करतात. बसा. आणि हळू बोला, तिकडे काम चाललंय."