नंबर पुसलेले व्हॉल्व

कढई घासताना ओल्या राखेचा वास आला की मला धुळ्याचं ते भंगाराचं दुकान आठवतं. माझे मालक, म्हणजे घरधनी, रावेरला केळीवाल्यांच्या विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेने भरून द्यायचे. काचबिंदूने त्यांची नजर चालली होती आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. ती पुरती जायच्या आधी हातभर वीज हवेत उडताना डोळ्यांनी बघायची, म्हणून त्यांनी टेस्ला कॉइल करायला घेतली. तार गुंडाळून झाली, राहिला फक्त जुन्या रेडिओत असतो तसा, पण मोठा, काचेचा व्हॉल्व. धुळ्याच्या त्या दुकानात टोपलीभर निघाले, सगळे लखलखीत. "दिवाळी शे भाऊ, बठ्ठा माल राख लाईसन घासी ठेवा," दुकानदार कौतुकाने म्हणाला; दिवाळी म्हणून सगळा माल त्याने राख लावून घासून ठेवला होता. मालकांनी एकेक व्हॉल्व डोळ्यांशी नेऊन पाहिला. काचेवर छापलेले नंबर घासून गेले होते, आणि नंबराशिवाय कोणता किती व्होल्टवर चालतो ते कळत नाही. "यापेक्षा फोडले असतेस तर बरं होतं रे!" ते म्हणाले. शेवटी अंदाजाने एक निवडला. घरी येऊन बटण दाबलं, तर आतली तार क्षणभर पांढरी झाली आणि तुटली. "पेटला का गं?" ते डोळे ताणून विचारत होते. "जळाला," मी म्हटलं. त्यानंतर त्यांनी त्या कॉइलला हात लावला नाही. आता त्यांना दिवस की रात्र तेही कळत नाही. सून म्हणते, तेव्हा तुम्ही 'पेटला' असं खोटं बोलायचं होतं. बोलले असते, पण मग वीज कुठून आणून दाखवणार होते मी?