ओसरीतल्या कुऱ्हाडी

मारोतीअण्णांच्या ओसरीत साऱ्या गावाच्या कुऱ्हाडी टांगलेल्या असत. पालमकडच्या आमच्या गावामागचा माळ तोडून तोडून उघडा पडला होता. त्यावर कडुनिंबाची, शिसवाची रोपं लावली, तेव्हा अण्णांनी घरोघर जाऊन कुऱ्हाडी मागितल्या. शेतात काम असेल त्याने न्यावी, संध्याकाळी परत टांगावी.

विद्यापीठाच्या नामांतरावरून तेव्हा गाव दुभंगलेलं होतं. गावातलं कोणी आमच्या वस्तीत पाऊल टाकत नसे. अण्णा आले. बाप ताठ उभा राहिला. "मोठ्या घरच्याबी घेतल्या, का आमच्याच?"

"पयली माझीच टांगली. चल बघायला."

बाप खरंच बघून आला, मगच आमची कुऱ्हाड दिली. माळावरच्या वाळक्या काटक्या आधी आमच्या बायकांनी न्यायच्या, हे अण्णांनी ठरवून दिलं.

मयतीसाठी माळावरचं झाड तोडायचा गावचा जुना रिवाज होता. तोही त्यांनी बंद केला. पारावरची माणसं चिडवत, "अण्णा, आमाला काय गोवऱ्यांवर जाळता?"

"मग? मेल्यावर गोवऱ्या टोचायच्या न्हाईत."

पुढे ऐन श्रावणात त्यांची बायको, गयाकाकू गेली. गोवऱ्या भिजलेल्या. माणसं कुऱ्हाडींकडे वळली, तसे अण्णा आडवे आले. "बायको माझी हाय. लाकूडबी माझंच लागंल." गोठा उतरवून त्यांनी तिला अग्नी दिला. त्या पावसाळ्यात त्यांचे बैल ओसरीत, त्या कुऱ्हाडींखाली बांधलेले मी पाहिले आहेत.

मी परभणीला बी.ए.ला होतो, तोवर माळावर सावली पडू लागली होती. सुट्टीत भेटलो की अण्णा म्हणत, "तू शिकायलास, हे वाढायलंय. दोघांलाबी कुणी तोडू नये, बग."

अण्णा गेल्याचं कळलं, तसा मी मिळेल त्या एसटीने गाव गाठलं. अंगणात खल चालला होता. "येवढं रान त्यांनीच केलं. त्यांना का गोवऱ्यांवर जाळायचं? त्यांच्यासाठी एक झाड तोडलं तर काय बिघडतंय?" अण्णांचा मुलगा लिंबाजी मान खाली घालून बसला होता. आता उतरवायला गोठाही नव्हता.

बाप उठून घरी गेला आणि खांद्यावर एक मेढ, बुडाला माती लागलेला लाकडी खांब, घेऊन आला. एक म्हातारा पुटपुटला, "वस्तीतलं लाकूड?" लिंबाजीने पुढे होऊन ती मेढ आपल्या खांद्यावर घेतली. मग घराघरांतून लाकडं येऊ लागली. कुणी मोडका नांगर आणला, कुणी चौकटीचं फळकूट.

दहन करून आम्ही परतलो. आमच्या छपराचा एक कोपरा जमिनीला टेकला होता. बापाने माळाकडे एकदा पाहिलं आणि वाकून आत गेला.

"पाऊस यायच्या आत बघू," तो म्हणाला.