चुकीच्या शेपटीची फाईल

गेवराईत तवा इंटरनेट पोचलं नव्हतं. मी सरांच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवायचो आणि मधल्या सुट्टीत सरांची नक्कल करायचो. शिकवण्यापेक्षा नक्कल लई बरी जमायची. सर दर वाक्याला "म्हंजी बघा" म्हणायचे.

सरांना एका कॉलेजच्या लॅबचं काम पायजे होतं. तिथल्या अध्यक्षांवर छाप पडावी म्हणून त्या कॉलेजची वेबसाईट करायचं ठरलं. पानं मी लिहायची आणि फ्लॉपी एसटीच्या कंडक्टरच्या हाती बीडला, इंटरनेट असलेल्या दोस्ताकडं पाठवायची. त्याच्याकडं एक छोटा प्रोग्राम होता. हरेक पानाचं डोकं आणि पाय, म्हणजे वरची आणि खालची पट्टी, वेगळ्या फाईलीत ठेवायचे, त्यांच्या नावाची शेपटी .inc. बाकी पानांची .html. प्रोग्राम प्रत्येक .html ला डोकं-पाय चिकटवायचा आणि त्याचं नाव पहिल्या पानावर यादीत टाकायचा. .inc ला एकटं कधीच दाखवायचा न्हाई.

त्या दिवशी सर दुसऱ्या कामाला सकाळीच बीडला गेलते. दुपारी अध्यक्ष साईट बघायला दोस्ताकडं येणार होते, सरबी तवाच तिथं पोचणार होते. फ्लॉपीवाली गाडी सुटून दीड तास झाला, तवा मी सहज फोल्डर उघडलं. त्यात एक जुनी फाईल पडलेली.

खरा मजकूर यायच्या आधी जागा भरायला मी एक कच्चा पाय लिहिला होता. त्यात सरांचं भाषण, दर वाक्याच्या "म्हंजी बघा"सकट, हुबेहूब. पुढं खरा पाय केला, कच्चा काढायचा राहिला, तोबी फ्लॉपीवर गेला. आणि त्याची शेपटी .html. म्हणजे ते आता आख्खं पान होणार, यादीत झळकणार. लॅब गेली, त्यासोबत मीबी गेलो.

एसटीडी बूथवर पळालो. रांगेत उभा राह्यलो. फोन दोस्तानं उचलला. माझं ऐकणार न्हाई म्हणून मी सरांचा आवाज काढला, "म्हंजी बघा, ती फ्लॉपी उघडू नका."

"सर तर हितं माझ्यापुढं बसलेत," तो म्हणला. "तू कोण बे?"

तिकडं खुर्ची सरकली. सरांनी फोन घेतला.

"कावून रे, काय झालं?"

सगळं सांगितलं. माझ्याच आवाजात, अडखळत.

"अध्यक्ष आले का सर?"

"न्हाई अजून. थांब, वाचू दे."

"सर, वाचू नका. नुस्ती काढायला सांगा."

सर पुटपुटत वाचायला लागले. बूथवाला माझ्याकडं बघत होता. मागचा माणूस खाकरला. मला वाटलं, आता शिवी येईल. यावी, असंच वाटायला लागलं.

"मी एवढ्या वेळा म्हणतो व्हय रे?" सरांनी हळूच विचारलं.

"न्हाई सर," मी खोटं बोललो.

"काढ ती फाईल," ते दोस्ताला म्हणले आणि फोन ठेवला.

लॅब मिळाली. मला काढलं न्हाई. पण त्यानंतर शिकवताना सर वाक्याच्या मधी थांबायचे, ते दोन शब्द गिळायचे, आणि आधी माझ्याकडं बघायचे. तवा मी मान खाली घालून कीबोर्ड पुसत बसायचो.