समोसा सहावा, कुसुमताई सातव्या

माझ्या थोरल्या नणंदेला मी समोशाच्या गाडीच्या एक नंबर खाली ठेवलं, आणि तेही लॅमिनेशन करून.

साधा कागद असता तर खोडता आला असता. पण मी कुठलीच यादी कच्ची ठेवत नाही. सौंसरच्या आमच्या घरात फ्रिजवर यादी आहे, कपाटाच्या दाराला आतून यादी आहे, आणि कुठली यादी कुठे आहे याचीही एक यादी आहे (ती सध्या सापडत नाही). यात माझा दोष कमी, नोकरीचा जास्त. बोरगावकडच्या एका प्राथमिक शाळेत मी शिकवते. तिथे दुपारचं जेवण पोरांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखायचं आणि रजिस्टरमधे त्याची चव लिहायची, असा नियम आहे. बावीस वर्षं मी रोज चमचाभर डाळ चाखून तिच्यासमोर शेरा लिहीत आले. शेऱ्याचा रकाना रिकामा राहिला की तपासणीला आलेले साहेब हमखास त्यावरच बोट ठेवतात. त्यामुळे रिकामा रकाना दिसला की माझा हात आपोआप चालू लागतो. त्या हातानेच घात केला!

झालं असं, की आमच्या पूर्वाला पांढुर्ण्याबाहेरच्या विद्यापीठाच्या कॅम्पसमधे प्रवेश मिळाला. कुसुमताई, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, पांढुर्ण्यातच राहतात. भाऊजी गेले त्याला चार वर्षं झाली. दोन्ही मुलं पुण्याला. तीन खोल्यांचं घर आणि त्यात एकट्या ताई. प्रवेशाची बातमी कळल्या दिवशीच त्यांनी मागची खोली झाडून पलंगावर नवी चादर घातली होती.

पण पूर्वाला होस्टेल हवं होतं. "माझ्या सगळ्या मैत्रिणी तिथंच राहून राहिल्या ना आई! आत्याकडे मी एकटी काय करू?"

मी ताईंना फोन करून चाचरत सांगितलं. त्या म्हणाल्या, "ठीक आहे."

आमच्या ह्यांच्या घराण्यात 'ठीक आहे' म्हणजे काहीच ठीक नाही.

होस्टेलच्या मेसमधे सकाळचा नाश्ता आणि रात्रीचं जेवण. दुपारचं ज्याचं त्यानं बघायचं. पोरगी दुपारी कुठे खाईल, काय खाईल, पोट भरेल की नाही, या विचाराने मला दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी मी रजा टाकली, वही घेतली, ह्यांना घेतलं आणि पांढुर्ण्याची बस धरली. कॅम्पसच्या गेटभोवती परवडण्यासारखं जेवढं खायला मिळतं, तेवढं सगळं मी स्वतः चाखणार होते!

सुरुवात गेटसमोरच्या तर्री-पोह्यापासून.

"तेल किती दिवसांनी बदलता?" मी विचारलं.

पोहेवाल्याचा झारा हवेतच थांबला. "तुमी फूडवाल्या आहे का म्याडम?"

"नाही. आई आहे."

"मंग त लय अवघड आहे," तो म्हणाला आणि ह्यांच्या पोह्यांवर न मागता दुप्पट तर्री ओतली.

"खा ना गुपचूप," हे मला म्हणाले. "तू त पोह्याची उलटतपासणी करून राहिली."

दुसरीकडे आलूबोंडा, तिसरीकडे झुणका-भाकर, चौथी एका काकूंची घरगुती मेस, पाचवीकडे पाटोडीचा रस्सा. मी प्रत्येक ठिकाणी एक घास खायचे आणि पाच ओळी लिहायचे. उरलेलं हे संपवायचे. "अन्न टाकायचं नसते," असं दरवेळी म्हणायचे, पण चेहरा तपस्व्याचा नव्हता. सहाव्या ठिकाणी, समोशाच्या गाडीवर, त्यांनी चौथा समोसा उचलला तेव्हा मीच वही मिटली. संध्याकाळी मुक्कामाला कुसुमताईंकडे गेलो, तर हे सरळ त्या नव्या चादरीवर आडवे झाले आणि ओवा चावत छताकडे बघत राहिले.

तरी ताईंनी ताट वाढलंच. मला दोन पोळ्या हव्या होत्या, चार झाल्या. भाताला नको म्हटलं तर ताई म्हणाल्या, "नको म्हणजे थोडा." जेवता जेवता मी डाव्या हाताला वही ठेवून यादी पक्की करत होते. रकाने ठरलेले: नाव, गेटपासून अंतर, दर, वेळ, शेरा. क्रम अंतराप्रमाणे, माझ्या पावलांनी मोजून. समोशाची गाडी सहाशे दहा पावलं, म्हणून सहावी. मग वाटलं, पोरीला कधी खरी भूक लागली तर घरचं जेवण कुठे मिळेल? ते तर मी खातेच आहे! म्हणून सातवा नंबर लिहिला. कुसुमआत्या. अंतर: ऑटोने दहा मिनिटं, मारुती मंदिरामागे, हिरवं फाटक. दर: काही नाही. वेळ: कधीही.

राहिला शेरा. मी वरणाचा एक चमचा घेतला आणि हात चालू लागला. 'वरण पातळ, आग्रह फार. आधी ताट, मग चौकशी. उपाशी आहे म्हटलं की पुरे.'

समोशापुढे मी काय लिहिलं होतं, तेही सांगून टाकते. 'खुसखुशीत. पुन्हा यावंसं वाटतं.'

सकाळी ह्यांनी यादी वाचली. "वरणाचं काहून लिहिलं?"

"पातळ नव्हतं का?"

"होतं. पण ते काय लिहायची गोष्ट आहे?"

"मग रकाना रिकामा राहतो ना!"

ह्यांनी हात जोडले. मी स्टँडजवळ लॅमिनेशन करून यादी पूर्वाच्या हातात दिली आणि निश्चिंत मनाने सौंसरला आले. निश्चिंत! पूर्वाने ती लाजत लाजत खोलीच्या दारामागे लावली. तिच्या खोलीतल्या मुलीने फोटो काढला. तो तिने मैत्रिणींना पाठवला, एका मैत्रिणीने भावाला, आणि भाऊ मुलांच्या होस्टेलमधे! आठवडाभरात कॅम्पसमधल्या प्रत्येक उपाशी जिवाच्या मोबाइलमधे माझी यादी होती.

ताईंचा पहिला फोन आला तेव्हा आवाज अगदी खुशीत होता. "संध्या, पूर्वाच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. म्हणे, आत्या, आम्ही उपाशी आहो. मी बसवलं पानावर. गोळाभात केला."

दुसरा फोन. "आज पाच आल्या. पूर्वाच नव्हती फक्त."

तिसरा. "आज नऊ जण होते, त्यात चार पोट्टे! पूर्वाचे मित्र बी आहेत का बाई? तुला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. मी पूर्वाला फोन लावला. ती म्हणाली, "मी तर आत्याकडे गेलीच नाही अजून. होस्टेल घेतलं म्हणून आत्या रागावली असेल, मला बोलवत नाही." मग ताईंचा गोळाभात खातंय तरी कोण?

चौथ्या फोनच्या आधी काय घडलं, ते मला नंतर कळलं. ताईंनी एका मुलाला तिसरी पोळी वाढता वाढता सहज विचारलं, "पूर्वा काहून आली नाही रे?"

"कौन पूर्वा?" तो तोंडातला घास सांभाळत म्हणाला. "आंटी, नंबर सात यही है ना?" आणि त्याने मोबाइल पुढे केला.

ताईंनी चष्मा लावून सगळं वाचलं. माझं अक्षर त्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांवरून ओळखतात.

"संध्या," फोनवर आवाज आला. "समोसा सहावा. मी सातवी."

"अंतर, ताई! अंतराप्रमाणे लावलंय! गेटपासून पावलं मोजली मी!"

"आणि वरण?"

"तो रकाना रिकामा..." मी सुरुवात केली.

"ठीक आहे," म्हणून ताईंनी फोन ठेवला.

त्या दोन शब्दांचा अर्थ मी आधी सांगितलाच आहे. शाळेत त्या दिवशी डाळ चाखली आणि आयुष्यात पहिल्यांदा शेरा न लिहिता सही केली. समोशाचा नंबर ही हसण्यावारी न्यायची गोष्ट होती, ते ह्यांनी केलंही. पण मला दुसरंच खुपत होतं. ज्या बाईने न मागता खोली झाडून ठेवली, तिच्याकडून आधी मी पोरगी काढून घेतली, आणि मग तिच्याच ताटावर बसून तिला नापास केलं. आता पूर्वाला त्या घराचं दार उघडेल की नाही, तेही मला सांगता येत नव्हतं.

रविवारी आम्ही संत्रा बर्फीचा डबा घेऊन हिरव्या फाटकाशी उभे राहिलो. पायरीवर चपलांचे अकरा जोड (मोजायची सवय जात नाही). आत दोन रांगा बसलेल्या. ताई माझ्याशी बोलल्या नाहीत. बर्फीचा डबा फळीवर ठेवला आणि माझ्या हातात वरणाची पळी दिली.

मी वाढायला गेले. वरण इतकं घट्ट, की पळी पातेल्यात उभी राहिली!

"आता घट्ट झालं का?" ताईंनी मागून विचारलं.

"ताई, माझं चुकलं. मी असं लिहायला नको होतं."

"खरं होतं तेच लिहिलं तू." त्या ओट्याशी वळल्या. "चार वर्षांपासून एकटीची डाळ लावून राहिली मी. मूठभर डाळ कुकरला लावली की पाणी जास्तच होते बाई. किती बी मोजून टाक." मग त्या मोठं पातेलं पुसत म्हणाल्या, "हे त माळ्यावर पडलं होतं. या पोट्ट्यांनी खाली काढून दिलं."

माझ्या यादीत अंतर होतं, दर होता, वेळ होती. तिथे किती जण जेवायला बसतात, हा रकाना मी पाडलाच नव्हता. बावीस वर्षं शाळेत रोज सगळ्यात आधी तोच भरते, आणि घरच्या माणसाच्या वेळी विसरले.

"पण ताई, रोज इतक्या जणांचं? दमून जाल तुम्ही."

"रोज काहून? रविवारीच. मी सांगून दिलं त्यांना. कोणी कणीक मळते, कोणी भांडी घासते. तो लंबू आहे ना, त्याच्या घरून तांदूळ येतो."

तेवढ्यात दारात पूर्वा दिसली. मी बोलावलं नव्हतं, ह्यांनीही नाही. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, "आत्या, जागा आहे का?"

ताईंनी तिच्याकडे नीट बघितलं. आत सगळे जेवायचे थांबले. मी पळी हातात घट्ट धरून उभी.

"उपाशी आहेस?"

"हो."

"मग विचारते काय? बस त्या पोट्टीजवळ. आणि चादर उगाच नाही घातली मी त्या पलंगावर, परीक्षेच्या वेळी येऊन झोपत जा." मग ह्यांच्याकडे बघत तिलाच म्हणाल्या, "तुझ्या बापानं तिच्यावर ओवा सांडला, तो झटकून टाकला."

निघताना ताईंनी एक कागद माझ्या हातात ठेवला. लॅमिनेशन केलेला! मुलांनी नवी यादी केली होती, शेरे ताईंनी सांगितलेले. पहिला नंबर कुसुमआत्या, फक्त रविवारी. समोसा आता सातवा होता, तसा तो चांगलाच होता म्हणा. सगळ्यात खाली नाव होतं: संध्या, सौंसर. अंतर: बसनं एक तास. वेळ: आधी विचारून. शेरा: 'आधी रजिस्टर, मग ताट.'

पोरं हसली, हे तर भिंतीला टेकून हसले. मीही हसले. मग राहवेना, म्हणून बसमधे बसल्या बसल्या पर्समधून पेन काढलं, पण लॅमिनेशनवर शाई काही उमटेना. सव्वा तास लागतो हो, एक नाही!